मेलेल्या माणसाची सही

आईचा फोन आला तेव्हा मी एका ठेकेदाराच्या माणसाला झापत होते. तो प्रेसखाली कमरेपर्यंत घुसला होता आणि मेन स्विचवर त्याचं स्वतःचं कुलूप नव्हतं. विचारलं तर म्हणे, मॅडम, दोस्ताचं कुलूप लावलंय की. मी म्हटलं, दोस्त चहाला गेला आणि जाताना आपलं कुलूप काढून घेऊन गेला, तर तुझ्या बायकोला मी काय सांगू? तो खाली मान घालून कुलूप आणायला गेला.

चाकणजवळ निघोज्याच्या एका प्रेस शॉपमध्ये, जिथे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात, मी सेफ्टी बघते. बघते म्हणजे दिवसभर ओरडते. मशीन दुरुस्तीला घेतलं की वीज तोडायची आणि स्विचला बरीच भोकं असलेली एक लोखंडी पकड अडकवायची. आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात आपलं लाल कुलूप आपल्या हाताने लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. एक जरी कुलूप लटकत असलं तरी मशीन चालू करता येत नाही. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे असंच धरायचं. दुसऱ्याचं कुलूप मॅनेजरनेसुद्धा काढायचं नाही. कुणी विसरून तसाच घरी गेला तर त्याला घरून परत बोलावतात, आणि तो सापडलाच नाही तर ठरलेला वेळ थांबून, सगळी तपासणी करून, नेमलेला एकच माणूस कटर चालवतो. या नियमापायी माझ्या मागे मला 'कुलूपवाली' म्हणतात. म्हणू देत.

तर आई म्हणत होती, "साक्षे, धम्मा आला न्हाई अजून. भाकरी झाकून ठेवलीय तशीच."

धम्मरत्न माझा धाकटा भाऊ. चाकणच्या दुसऱ्या एका कंपनीत ऑटोमेशनचं काम करतो. रात्रपाळी सुटली की कंपनीची बस त्याला पिंपरीत सोडते आणि आई उठून भाकरी थापते, हे इतकं ठरलेलं की आमच्या घरात घड्याळाची गरज नाही. मी आईला म्हटलं, मित्रांबरोबर टपरीवर बसला असेल, तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस. फोन ठेवला, आणि माझाच जीव टांगणीला लागला. टपरीवर बसणारा आमचा धम्मा नाही.

थोड्या वेळाने त्याच्याच नंबरवरून फोन आला. मी हॅलोच्या आधीच शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं. पण पलीकडे दुसराच आवाज होता, जाड, तंबाखू भरल्यासारखा.

"मॅडम, तुमचा भाऊ आमच्याकडे आहे. ठीक आहे. आवाज करू नका, पोलिसाला फोन लावू नका. तुमच्या आई आत्ता गॅलरीत मेथी निवडतायत, त्यांना निवडू द्या."

आई खरंच त्या वेळी गॅलरीत भाजी निवडते. म्हणजे कुणीतरी आमच्या बिल्डिंगखाली उभं होतं. मी सेफ्टीच्या केबिनचं दार लावलं आणि जमिनीवर बसले. खुर्ची होती, पण तिच्यापर्यंत गेले नाही.

त्यांना आमची नाणी हवी होती.

इथे नाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. मी, धम्मा आणि त्याचा आयटीआयपासूनचा मित्र नवनाथ, असे आम्ही तिघे ओव्हरटाइमचे पैसे वाचवून क्रिप्टो घेत आलो होतो. कधीतरी साचे-हत्यारं बनवायचं स्वतःचं छोटं टूलरूम काढायचं, एवढंच मनात. घेतलं तेव्हा कुणी विचारत नव्हतं, मग भाव चढत गेला. ही नाणी हातात येत नाहीत. नाणं म्हणजे नोंदलेली एक रक्कम आणि तिच्यावर लावलेलं कुलूप, आणि ते कुलूप म्हणजे तरी काय, कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत लिहिलेली एक अट. ज्याला नाणं खर्च करायचंय त्याने ती अट पुरी करणारा पुरावा पुढे ठेवायचा. मग जगभरातले हजारो कॉम्प्युटर आपापल्या जागी तो पुरावा त्या अटीत घालून चालवून बघतात. शेवटी 'खरं' असं उत्तर आलं तर नाणं हलतं, 'खोटं' आलं तर जागचं हलत नाही. तुम्ही कोण, कुणाचे, कशासाठी, हे कुणी विचारत नाही. विनवणी चालत नाही आणि दमदाटीही चालत नाही.

मला हे फार आवडलं होतं. म्हणून कुलूप आम्ही आमच्या शॉपसारखंच करून घेतलं. त्याला दोन दारं ठेवली. पहिलं दार तिघांचं. तिघांनी सह्या केल्या तर कधीही उघडतं. दुसरं दार कटरचं. ठरलेली तारीख उलटली की एकट्या धम्माच्या सहीने उघडतं, म्हणजे उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर नाणी कायमची अडकून पडायला नकोत. तारीख चौदा एप्रिल, कारण ती आमच्या घरात कुणी विसरत नाही. दरवर्षी ती जवळ आली की आम्ही तिघे सह्या करून नाणी नव्या कुलपात टाकायचो आणि तारीख वर्षभर पुढे ढकलायचो. त्या वर्षी होळी नुकतीच झाली होती आणि ढकलायचं राहिलं होतं.

धम्माला शिकवायची भारी हौस. रविवारी ओळखीपाळखीच्या पोरांना हे सगळं फुकट समजावायचा. कुणापुढे तरी जरा जास्त बोलला असणार.

जाड आवाजाने फोन धम्माकडे दिला. मी नुसतं त्याचं नाव घेतलं. तो घाईघाईने पण एकेक शब्द तोलून बोलला. "ताई, मी यांना खरं ते सांगितलंय. कुलपाला एकच दार आहे. चौदा एप्रिलनंतर माझ्या एकट्याची सही. त्याआधी कुणालाच उघडता येत नाही. तूही सांग यांना."

मला वाटलं याचं डोकं फिरलं. पहिल्या दारातून तिघांनी आत्ता सह्या केल्या असत्या तर नाणी घेऊन त्यांनी त्याला सोडलं असतं. माझा जीव त्या नाण्यांत नव्हता, त्याच्यात होता. मी सांगायला तोंड उघडलं, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिघांचं दार आहे म्हटलं की त्यांना तिघेही लागतील. मग कुणीतरी कंपनीच्या गेटबाहेर माझी वाट बघत थांबेल आणि कुणीतरी नवनाथची. हा शहाणा एकटा आत बसून दोघांना बाहेर ठेवत होता.

"हो," मी म्हटलं. "एकच दार."

खोटं बोलताना माझा आवाज अजिबात हलला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

त्यांनी फोन ठेवला नाही. नाणी आमच्याकडे वळवणारी सही आत्ताच करून घेतो, तारीख आली की वापरू, आमचा माणूस तपासेल, तोवर लाइनवर राहा म्हणाले. माझा फोन म्यूट करून मी शॉपमधून नवनाथला बोलावून घेतलं. तो प्रेसचे साचे बसवणारा डाय फिटर, लातूरकडचा. आम्हा सेफ्टीवाल्यांना सोडून शॉपमध्ये कुणालाच मोबाइल नेऊ देत नाहीत, ते गेटवरच्या लॉकरमध्ये राहतात, त्यामुळे त्याला कशाचाच पत्ता नव्हता. हेल्मेट काखेत धरून तो आत आला आणि मला जमिनीवर बघून चपापला.

"काय झालं ओ ताई? असं का करायलाव?"

मी थोडक्यात सांगितलं. तो लगेच म्हणाला, माझी सही घ्या, सगळं देऊन टाकू, मला काही नको. मी त्याला सांगितलं की देण्याचा प्रश्नच नाही, त्यांना तू आहेस हे कळता कामा नये. तो माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि फोनकडे बघत राहिला.

मग लाइनवर दुसरा माणूस आला. हा शांत होता, शिकलेला वाटत होता, आणि बोलणं अगदी सभ्य. जाड आवाजापेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटली. दम देणाऱ्याचं निदान कळतं तरी तो काय करेल ते.

"मॅडम, सही बरोबर आहे," तो म्हणाला. "मी माझ्या मशीनवर चालवून बघितलं. अट पुरी होते, फक्त तारीख आडवी येते. तुमच्या भावाने सांगितलं तसंच आहे."

मी देवाधर्माची फारशी नाही, पण मनात बाबासाहेबांना हात जोडले.

"एकच शंका आहे," तो म्हणाला. "सहीसोबत इथे आणखी एक ठसा जोडलाय. एकच दार असतं तर त्याची गरज नव्हती."

हा ठसा मला माहीत होता, धम्मानेच शिकवलेला. दोन दारांच्या कुलपात ज्या दाराने बाहेर पडाल ते दार पूर्ण उघडं करून सगळ्यांना दाखवावं लागतं. दुसरं दार झाकलेलं राहतं, त्यावर काय लिहिलंय ते कुणालाही कळत नाही. पण हे दार याच कुलपाचं आहे हे कॉम्प्युटरला पटावं म्हणून त्या झाकलेल्या दाराचा ठसा सोबत द्यावाच लागतो. जाणत्या माणसाला तेवढ्याने कळतं की आणखी एक दार आहे.

"धम्मरत्न, दुसऱ्या दाराची अट काय?" शांत आवाज विचारत होता. मग पलीकडे खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला आणि माझा भाऊ दबक्या आवाजात कण्हला.

मी म्यूट काढला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"त्याला मारू नका. मी सांगते. ते तिघांचं दार आहे. तिघांच्या सह्या लागतात. पण ते आता उघडत नाही."

"का?"

"तिसरा माणूस वारला. दिवाळीच्या आधी. प्रेसखाली."

"नाव?"

माझ्यासमोर नवनाथ बसला होता. दुसरं कुठलंच नाव मला सुचलं नाही. एवढी माणसं रोज हजेरीपटावर बघते, एक आठवलं नाही. "नवनाथ," मी म्हटलं.

नवनाथने स्वतःचा हात तोंडावर दाबून धरला.

"त्याची किल्ली घरच्यांकडे असेल."

"नाही. आमच्याकडे कुणी कुणाला किल्ली देत नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. मीच त्याला शिकवलं होतं ते." आणि मग मी बोलतच सुटले. तो लातूरचा होता म्हणाले, हसरा होता म्हणाले, त्याचं लाल कुलूप अजून स्विचवर लटकतंय, कुणाचा हात ते काढायला धजत नाही म्हणाले. बोलता बोलता मला तो प्रेसखाली दिसायला लागला. दिसायला लागला म्हणजे खराच दिसला, समोर जिवंत बसलेला असून. सेफ्टीवाल्यांनी रोज मनात बघितलेलं असतं ते सगळं मी एका माणसावर घातलं.

"रडू नका, मॅडम," शांत आवाज म्हणाला. मी रडतेय हे मला तेव्हा कळलं.

पलीकडे दोघांची काहीतरी कुजबुज झाली. मग तो परत आला. म्हणाला, ठीक आहे, आम्ही तारखेपर्यंत थांबू, सही आमच्या हातात आहे. भाऊ घरी येईल. आणि तितक्याच नम्रपणे पुढे म्हणाला, "पण त्याआधी नाणी हलली, तर तुम्ही खोटं बोललात असं आम्ही समजू. घर आम्हाला माहीत आहे."

धम्माला त्यांनी आळंदीच्या अलीकडे रस्त्यावर उतरवलं. त्याचा फोन ठेवून घेतला होता. इंद्रायणीच्या घाटाकडे चाललेल्या एका वारकरी विद्यार्थ्याने त्याला स्वतःचा फोन दिला आणि पाणी पाजलं. मी आणि नवनाथ त्याला आणायला गेलो तेव्हा तो घाटाच्या पायरीवर बसला होता, एक बूट पायात, एक हातात. मला बघून म्हणाला, "ताई, बस चुकली."

आईला सांगितलं, पाय घसरून पडला. आईने विश्वास ठेवला नाही, पण भाकरी गरम केली.

त्या दिवसापासून धम्मा भर दुपारी आपल्या खोलीची कडी आतून लावून बसायला लागला. नोकरीवर जाईना. गॅलरीत आई बसली की तिला आत ओढायचा. मी तक्रार करू म्हटलं तर माझे पाय धरायचा. खाली एखादी गाडी जास्त वेळ थांबली की तो पडद्याआडून बघत राहायचा, आणि खरं सांगते, मीही बघायचे.

पण मला संतापही यायचा. मी मूळची तापट. एप्रिल लागला तसं मी आणि नवनाथने ठरवलं की तिघांनी सह्या करायच्या आणि तारखेआधी पहिल्या दाराने नाणी काढून घ्यायची. एकदा ती गेली की त्यांच्या हातातली सही म्हणजे वठलेल्या चेकची झेरॉक्स. मग तक्रार द्यायची आणि आईला घेऊन थोडे दिवस गावी जायचं. नवनाथ तेव्हा जरा सावरला होता. स्वतःला कैलासवासी म्हणवून घ्यायचा, कॅन्टीनमध्ये म्हणायचा, आम्हा मेलेल्या माणसांना चहात साखर कमी. त्या दिवशी तो आमच्या घरी आला, सही केली. मी केली. लॅपटॉप धम्माच्या पुढे सरकवला.

तो नाही म्हणाला.

मी समजावलं. मग ओरडले. मी म्हटलं, तुझ्या एका सहीसाठी आमच्या सगळ्यांचा घाम त्या हरामखोरांच्या घशात घालणार का? एवढी वर्षं शनिवार-रविवार मशीनवर उभे राहिलो ते यासाठी? तो ऐकून घेत होता. मग हळू आवाजात बोलला.

"ज्या दाराने जाऊ ते दार सगळ्या जगाला दिसतं, ताई. तीन सह्या दिसतील. त्यातली एक मेलेल्या माणसाची असेल. कॉम्प्युटर म्हणतील खरं आहे. हजारो म्हणतील. आणि तो शांत माणूस तेच वाचत बसलेला असेल."

नवनाथ उठून खिडकीशी गेला. त्याला लातूरला बायको आहे, बारकी लेक आहे, हे तेव्हा आम्हा तिघांनाही आठवत होतं. त्याचं नाव मीच दिलं होतं.

मी लॅपटॉप पुन्हा धम्मापुढे सरकवणार होते. अजून दोन शब्द बोलले असते तर त्याने सही केलीही असती, तो माझं ऐकतो. तेवढ्यात त्याच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. हात मांडीवर पालथा ठेवला होता आणि बोटं आत वळलेली होती, आळंदीला बूट धरला होता तशीच. रोज शॉपमध्ये मी लोकांना काय ओरडून सांगते? कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आत आहे. बाहेरून कितीही घाई असू दे, कितीही नुकसान होत असू दे, त्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. माझा भाऊ घरी आला होता, पण तो अजून त्या लोकांच्या खोलीतच होता. मी लॅपटॉप मिटला.

चौदा एप्रिलला नाणी गेली. सकाळी आई पांढरी साडी नेसून तयार होती, खाली गल्लीत निळे झेंडे लागले होते, पिंपरीच्या चौकाकडे माणसं चालली होती. मी आणि धम्मा स्क्रीनसमोर बसलो. त्यांनी सही पाठवली. कुलूप चालवून बघितलं गेलं, तारीख उलटली होती, सही खरी होती. जगभर सगळीकडे 'खरं' असं उत्तर आलं असणार. त्यात कुठेही चूक नव्हती. भीतीने केलेली सही आणि खुशीने केलेली सही यात त्या कॉम्प्युटरला फरक दिसत नाही.

धम्मा उठला, तोंड धुतलं, नवा पांढरा शर्ट घातला. आईला म्हणाला, चल, उशीर होईल. एका महिन्यात पहिल्यांदा तो स्वतः दार उघडून जिन्यावर गेला. आईने मागे वळून मला विचारलं, "तू येत न्हाईस व्हय गं?"

मी येते म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. खिडकीतून पाहिलं तर दोघं गर्दीत मिसळले होते. गर्दीत हजारो माणसं होती, पांढऱ्या शर्टातली, शिकलेली, सभ्य बोलणारी. त्यातला तो शांत आवाजाचा कोण, मला ओळखता आला नसता. मी फक्त त्याचा आवाज ऐकला होता. त्याचं समाधान झालं, आता तो पुन्हा येणार नाही, याचा पुरावा मला कोण देणार होतं?

मी खिडकीपासून मागे फिरले आणि दाराची कडी माझ्या हाताने आतून लावली.